रेटिना: नेमकं कोणत्या कोळ्याचं जाळं?

ऑप्टोमेट्रीच्या, म्हणजे डोळे तपासणीच्या अभ्यासक्रमाच्या, दुसऱ्या वर्षाला असलेल्या देवगडच्या एका मुलीचा प्रश्न आहे. वर्गात तिला शिकवलं की ‘रेटिना’ हा शब्द लॅटिन ‘रेटे’ म्हणजे जाळं यावरून आला, आणि जाळं अशासाठी की त्यावर रक्तवाहिन्यांचं जाळं पसरलेलं असतं. ती विचारते, “रक्तवाहिन्या रेटिनाच्या मागच्या कोरॉइड या थरातही आहेत, उलट जास्तच आहेत. मग तिला जाळं का नाही म्हटलं? ओसीटी, म्हणजे रेटिनाचा छेद दाखवणारं स्कॅन, काढलं तर थरावर थर दिसतात, जाळं कुठेच दिसत नाही. मराठीत आपण पडदा म्हणतो आणि पुस्तकात दृष्टिपटल लिहिलेलं असतं. यातला खरा अर्थ कोणता धरायचा?”

कोरॉइडची शंका अगदी बरोबर आहे. मी तीसेक वर्षं याच किनाऱ्यावर डोळे तपासतोय आणि त्यातली निम्मी वर्षं विद्यार्थ्यांना रक्तवाहिन्यांचंच स्पष्टीकरण देत आलो. आता ते मला पटत नाही. आधी थोडक्यात सांगतो: हे नाव जाळ्याच्या भोकांवरून पडलेलं नाही, आकारावरून पडलं. आणि ते कुठलंही जाळं नव्हे. आपल्या खाडीत गुडघाभर पाण्यात उभं राहून फेकतात ना, ते पागाचं जाळं.

आता जरा सावकाश.

ख्रिस्तपूर्व 300 च्या आसपास इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात हेरोफिलस नावाचा ग्रीक वैद्य होता. माणसाच्या प्रेताचं विच्छेदन पद्धतशीरपणे करणाऱ्या पहिल्या काही लोकांमधला तो एक. त्याची स्वतःची पुस्तकं उरलेली नाहीत. नंतरच्या लोकांनी त्याचं जे सांगितलं तेवढंच आपल्या हाती आहे. त्यातला एक एफिससचा रूफस. शरीराच्या अवयवांना कोणती नावं आहेत आणि ती का पडली, याच विषयावर त्याने लिहिलं. डोळ्याच्या आवरणांबद्दल तो म्हणतो त्याचा आशय असा: काचेसारख्या रसाला वेढणारं जे तिसरं आवरण, त्याचं जुनं नाव ‘अराख्नोएइडेस’, म्हणजे कोळिष्टकासारखं, कारण ते तितकं तलम असतं. पण हेरोफिलसने त्याची तुलना वर ओढलेल्या फेकजाळ्याशी केली, म्हणून काहीजण त्याला ‘अँफिब्लेस्ट्रोएइडेस’ म्हणू लागले.

‘अँफिब्लेस्ट्रॉन’ हा शब्द फोडून बघ. ‘अँफि’ म्हणजे भोवती, सगळ्या बाजूंनी, आणि ‘बाल्लेइन’ म्हणजे फेकणं. भोवती पडेल असं फेकायचं जाळं. ग्रीकांकडे जाळ्यांना एकच शब्द नव्हता, जसा आपल्याकडेही नाही. कुठल्याही जाळ्याला ते ‘दिक्त्युऑन’ म्हणत. किनाऱ्यावरून ओढायच्या लांबलचक जाळ्याला, म्हणजे आपल्या रापणीला, ‘सागेने’. आणि फेकायच्या जाळ्याला ‘अँफिब्लेस्ट्रॉन’. (यातला ‘सागेने’ लॅटिनमध्ये ‘सागेना’ झाला, तिथून फ्रेंच आणि इंग्रजीत ‘सीन’ झाला. आपल्याकडे ज्या पर्ससीनवरून पारंपरिक मच्छीमारांची एवढी भांडणं चालतात, त्यातलं ‘सीन’ तेच. अडीच हजार वर्षांचा शब्द बंदरावर रोज शिव्या खातो.)

हेरोफिलसला नुसतं जाळं म्हणायचं असतं तर ‘दिक्त्युऑन’ हाताशी होता. त्याने तो घेतला नाही. त्याला फेकजाळंच दिसलं, आणि तेही पसरलेलं नव्हे, वर ओढलेलं. पुढच्या लोकांनी नेमका हाच तपशील सोडून दिला.

मराठीत या दोन्ही ग्रीक नावांचं एकत्र भाषांतर होतं, ही गंमत मला बरीच उशिरा सुचली. जुनं नाव कोळिष्टकाचं, नवं नाव मासे धरायच्या जाळ्याचं. आपल्याकडे भिंतीच्या कोपऱ्यात जाळं विणतो तो कोळी आणि समुद्रात जाळं टाकतो तोही कोळी. ‘कोळ्याचं जाळं’ म्हटलं की रूफसचं अख्खं वाक्य संपलं. (सिंधुदुर्गात मासेमारी करणारे बरेचसे गाबीत, रत्नागिरीकडे खारवी, भोई, दालदी, हे मला माहीत आहे. इथे मी बोलतोय तो भाषेतला कोळी.)

आता पाग डोळ्यासमोर आण. जाळं गोल, पसरलं की भल्या मोठ्या छत्रीएवढं. मधोमध शेंड्याला दोरी, तिचं दुसरं टोक टाकणाऱ्याच्या मनगटाला. कडेला सगळीकडून शिशाचे मणी. हवेत फिरवून फेकलं की ते गोल उघडतं, पाण्यावर पडतं आणि शिशाच्या वजनाने कडा आधी खाली जातात. आतले शेवटं, काळुंदर घुमटाखाली सापडतात. मग दोरी ओढायची. शेंडा वर येतो, कडा तळावरून घसटत एकत्र येतात आणि जाळ्याची निमुळती पिशवी होते.

आणि आता रेटिना. डोळ्याच्या गोळ्याचा आतला मागचा भाग तिने अस्तरासारखा व्यापलेला. जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास, कुठे त्याहूनही कमी. पुढे ती एका दातेरी कडेला संपते, त्या कडेचं लॅटिन नाव ‘ओरा सेराटा’, त्याचा अर्थच दातेरी काठ. मागे तिचे सगळे धागे एका ठिकाणी गोळा होतात आणि दोरीसारखे बाहेर पडतात. हे धागे सुमारे दहा-बारा लाख, आणि ती दोरी म्हणजे ऑप्टिक नर्व्ह, मेंदूकडे जाणारी नस. आत घुमटाखाली सापडलेला मासा म्हणजे काचरस, व्हिट्रियस. शेंड्याला दोरी, कडेला काठ, मध्ये नुसतं पसरलेलं तलम कापड. या दोन जागी रेटिना घट्ट धरलेली असते, नर्व्हच्या तोंडाशी आणि ओरा सेराटाशी. मधल्या सगळ्या भागात ती मागच्या थराला जेमतेम टेकलेली असते, चिकटलेली म्हणावी अशी नाही. गर्भात डोळा तयार होताना त्या दोन थरांच्या मध्ये खरोखरच पोकळी असते. ती पुढे मिटते, पण सांधली जात नाही.

माझी स्वतःची खात्री पटली ती सोनोग्राफीच्या पडद्यावर. रेटिना पूर्ण सुटली की बी-स्कॅनमध्ये, म्हणजे डोळ्याच्या सोनोग्राफीत, काय दिसतं ते तू पुढच्या वर्षी बघशीलच. दोन पांढऱ्या रेषा, मागे नर्व्हच्या तोंडाशी एकत्र आलेल्या, पुढे फाकलेल्या. इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखं. रुग्णाला डोळा हलवायला सांगितला की त्या रेषा पाण्यात झुलल्यासारख्या हलतात. जुना आजार असेल तर ‘व्ही’चे पाय जवळ येत येत मिटतात आणि मिटलेल्या छत्रीसारखं होतं. ते पाहिल्यावर ‘वर ओढलेलं फेकजाळं’ यापेक्षा चांगलं वर्णन मला करता येणार नाही. हेरोफिलसकडे सोनोग्राफी नव्हती. त्याच्याकडे होता कापलेला डोळा, आणि कापलेल्या डोळ्यात हेच होतं: काचरस निघाला की रेटिना कडेकडून सुटते, गोळा होते आणि मागे नर्व्हला लोंबकळत राहते. त्याच्या नजरेला नेमकं हेच पडलं असणार, हा माझा अंदाज आहे. पण रूफसच्या वाक्यातल्या ‘वर ओढलेलं’ या शब्दाचा दुसरा अर्थ मला लावता येत नाही.

रक्तवाहिन्यांचं काय? त्या प्रेताच्या डोळ्यातही थोड्याफार दिसतात, त्यामुळे ते स्पष्टीकरण अगदीच हवेतलं नाही. पण जिवंत माणसाच्या रेटिनावरचं ते लालसर फांद्यांचं सुंदर चित्र, जे बघून आपल्याला ‘अरे हे तर जाळं’ असं वाटतं, ते माणसाला दिसायला लागलं 1851 नंतर, हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने ऑफ्थॅल्मोस्कोप, म्हणजे डोळ्याच्या आत बघायचं उपकरण, आणल्यावर. नाव त्याच्या दोन हजारांहून जास्त वर्षं आधीचं. आपण आज जे बघतो ते आपण जुन्या नावावर लादतो. शिवाय पाग हातात घेतलेला कोणीही सांगेल की भोकं सगळ्याच जाळ्यांना असतात, पागाला वेगळेपण आहे ते दोरीचं आणि घेराचं.

मग ‘फेकजाळ्या’चं नुसतं ‘जाळं’ कसं झालं? भाषांतरात. गेलन या ग्रीक वैद्याने दुसऱ्या शतकात ‘अँफिब्लेस्ट्रोएइडेस’ हेच नाव वापरलं. त्याचे ग्रंथ नवव्या शतकात बगदादमध्ये अरबीत आले. त्या कामातला सर्वांत मोठा माणूस हुनैन इब्न इसहाक. त्याचे डोळ्यावरचे दहा प्रबंध हे नेत्रवैद्यकातल्या सर्वांत जुन्या क्रमवार पाठ्यपुस्तकांपैकी एक. अरबीत शब्द झाला ‘शबकिय्या’, ‘शबका’ म्हणजे जाळं, कुठलंही जाळं. पाग गेला, जाळं उरलं. बाराव्या शतकात स्पेनमधल्या टोलेडो शहरात क्रेमोनाच्या जेरार्डने इब्न सिनाचा ‘कानून’ हा वैद्यकग्रंथ अरबीतून लॅटिनमध्ये नेला, आणि भाषांतरांच्या त्या लाटेत ‘शबकिय्या’चं ‘रेटिना’ झालं, ‘रेटे’ म्हणजे जाळं, पुन्हा कुठलंही. जर्मनांनी त्याचं ‘नेट्सहाउट’ केलं, जाळ्याचं कातडं. प्रत्येकाने आपापल्या परीने प्रामाणिक भाषांतर केलं आणि मूळ चित्र वाटेत सांडलं. मग जाळं का, याचं कारण शोधायची वेळ आली, आणि समोर रक्तवाहिन्या होत्याच.

अरबी शब्दाची मला एकदा घरबसल्या साक्ष मिळाली. कुवेतला ड्रायव्हर असलेला रत्नागिरीकडचा एक रुग्ण सुट्टीवर आला होता, साखरेमुळे रेटिना खराब झालेली. तिकडच्या दवाखान्याचा कागद अरबीत. मी विचारलं, यात काय लिहिलंय? तो म्हणाला, “शबकिया लिहिलंय डॉक्टर. शबका म्हणजे जाळं. तिकडे मोबाइलच्या नेटवर्कलापण शबकाच म्हणतात. मला वाटलं डोळ्याचं नेटवर्क गेलं.” मी हसलो, पण तो फार चुकीचं बोलत नव्हता.

गेलनचं आणखी एक निरीक्षण सांगतो, कारण ते परीक्षेत विचारत नाहीत आणि विचारायला हवं. त्याने लिहून ठेवलं आहे की हे आवरण काढून गोळा करून ठेवलं तर बघणाऱ्याला तो मेंदूचाच सुटलेला तुकडा वाटेल. त्याच्या मते याला खरं तर आवरण म्हणूच नये. आज आपल्याला गर्भशास्त्रातून माहीत आहे की रेटिना आणि ऑप्टिक नर्व्ह मेंदूच्या पुढच्या भागातून फुगा बाहेर यावा तशा बाहेर आलेल्या असतात. म्हणजे त्या पागाची दोरी मनगटाला नाही, थेट मेंदूला बांधलेली. पण गेलनला रेटिनाचं काम मात्र कळलं नव्हतं. बघण्याचं मुख्य काम भिंगाचं आणि रेटिना त्याला पोषण पुरवते, असं तो मानत होता, आणि पुढे चौदाशे वर्षं बहुतेक जग तेच मानत राहिलं. चित्र रेटिनावर उमटतं हे खगोलशास्त्रज्ञ केप्लरने 1604 साली गणिताने दाखवलं. नाव देणाऱ्याला त्या वस्तूचं काम माहीत असायलाच हवं असं नाही, नाव डोळ्यांना दिसतं त्यावरून पडतं.

आता पडद्याकडे. तुझ्या प्रश्नातला हा भाग मला सर्वांत जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण इथे शब्दामुळे डोळा जातो. माझ्या हातून गेलाय.

सुरुवातीची वर्षं. नारळी पौर्णिमा नुकतीच झालेली, होड्या पाण्यात गेलेल्या. एक तांडेल आले, पन्नाशी ओलांडलेले. उजव्या डोळ्यात चार दिवसांपासून खालून सावली वर चढतेय, त्याआधी दोन दिवस विजा चमकल्यासारख्या दिसायच्या. तपासलं, वरच्या बाजूला रेटिना फाटलेली आणि सुटत आलेली. पीतबिंदू, म्हणजे रेटिनाचा बारीक नजरेचा मधला भाग, अजून जागेवर होता. मी सांगितलं, “पडदा सरकलाय, उद्याच्या उद्या घाट चढून कोल्हापूर गाठा, नाहीतर गोव्याला जा.” ते शांतपणे म्हणाले, “पडदो काय पळान जातलो हा, डॉक्टरानू? गणपती होवंदेत, मगे बघूया.” मी पुन्हा सांगितलं, आवाज चढवून सांगितलं. त्यांनी मान डोलावली. आले ते नवरात्र उलटल्यावर. बी-स्कॅनमध्ये मिटलेली छत्री होती. ऑपरेशन झालं, पण उजेड कळण्यापलीकडे काही हाती आलं नाही.

पुढे कधीतरी त्यांच्या बायकोने सांगितलं तेव्हा कळलं की घरी काय समजलं होतं. त्यांच्या वडिलांच्या डोळ्यावर ‘पडदा आला’ होता, म्हणजे मोतीबिंदू. तो पिकायची वाट बघितली, दोन वर्षांनी काढला, छान दिसायला लागलं. म्हणजे पडदा म्हटलं की घाई नाही. मी म्हणत होतो डोळ्याच्या आतला पडदा, ते ऐकत होते डोळ्यावर येतो तो पडदा. दोघेही बरोबर बोलत होतो. शब्द एक, आजार दोन, आणि चूक माझी, कारण शब्द मी निवडला होता.

‘पडदा’ हा फारसीतून आलेला शब्द, आणि त्याच्याबरोबर दाराचा, खिडकीचा, नाटकाचा पडदा येतो. दशावतार बघत वाढलेल्या माणसाला तर आणखीच. पडदा म्हणजे काहीतरी झाकणारी वस्तू. ती सरकली तर उलट बरं, मागचं दिसेल! ‘पडदा बदलून मिळेल का’ हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतो आणि तो मूर्खपणाचा नाही. पडदा बदलता येतोच. रेटिना बदलता येत नाही. बुबुळ बदलतात हे त्यांनी नेत्रदानाच्या जाहिरातीत ऐकलेलं असतं, मग पडदा का नाही? शब्दानेच त्यांना तिथे नेलेलं असतं.

म्हणून आता किनाऱ्यावरच्या रुग्णाला मी पागच सांगतो. “डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक फार तलम जाळं आहे, पागासारखं. त्याची दोरी मेंदूला बांधलेली. जाळ्याला भोक पडलंय. आतलं पाणी त्या भोकातून जाळ्याच्या मागे शिरतंय आणि जाळं भिंतीपासून सुटतंय. भोक आज बुजवलं तर जाळं परत बसेल. महिन्याने गेलात तर गोळा झालेलं जाळं मिळेल, ते पसरत नाही.” एवढं सांगितलं की बहुतेक जण पुढचा प्रश्न विचारतात तो गाडी किती वाजता आहे, हा. (भोक हेच मूळ कारण, हेही बराच काळ कोणी मानत नव्हतं. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या जूल गोनँने 1920 च्या दशकात भोक शोधून ते बंद करायची पद्धत रूढ केली. त्याआधी सुटलेली रेटिना म्हणजे गेलेला डोळा, असंच समजत.)

अर्थात उपमा कुठेतरी तुटतेच. एकदा मी हे सगळं रंगवून सांगत होतो, तर समोरचे आजोबा मान हलवायला लागले. त्यांचं आयुष्य खाडीत पाग टाकण्यात गेलेलं. “तसा न्हय ओ,” ते म्हणाले. “पाग वर येताना शिसां एकाक एक लागतत, तेवा पाग बंद होता. तुमी म्हणतास डोळ्यातली शिसां कडेक चिकटलेली. मगे बंद कसो होतलो?” मी गप्प. ते बरोबर होते. जिवंत डोळ्यात ओरा सेराटाची कड सहसा सुटत नाही, म्हणून आपल्याला ‘व्ही’ दिसतो, तोंड पुढे उघडं असलेला. पागासारखं खालून तोंड मिटत नाही. ते मिटतं फक्त कापलेल्या डोळ्यात, जिथे कडच कापली जाते. म्हणजे हेरोफिलसची उपमा प्रेताच्या डोळ्याला जास्त चपखल बसते आणि माझी उसनी घेतलेली उपमा आजाराला थोडी कमी. हे त्या आजोबांनी दोन वाक्यांत दाखवलं. तेव्हापासून मी ‘शिशाची कड भिंतीला शिवलेली’ असं म्हणतो.

दृष्टिपटलाबद्दल लवकर आटपतो. शालेय पुस्तकातली पारपटल, बुबुळ, बाहुली, दृष्टिपटल ही मालिका सोयीची आहे, ती वापर. ‘पटल’ हा शब्द आपल्याकडे जुना. अमरकोशात ‘पटलं छदिः’ असं आहे, म्हणजे घरावरचं छप्पर, आपण पावसाआधी शाकारतो ते. सुश्रुताच्या उत्तरतंत्रात डोळ्यात सहा पटलं सांगितली आहेत, दोन पापण्यांची आणि चार आतली, आणि तिमिर हा आजार एकेका पटलात शिरत गेला की नजर कशी बिघडत जाते याचं वर्णन आहे. त्यातलं चौथं पटल म्हणजे रेटिना, असं तुझे आयुर्वेद शिकणारे मित्र छातीठोकपणे सांगतील. मी त्या वादात पडत नाही. सुश्रुताची पटलं रोग कुठवर पोचला हे सांगण्यासाठी आहेत, कापून वेगळी दाखवण्यासाठी नव्हेत, असं माझं वाचन. आजचं ‘दृष्टिपटल’ हा त्या जुन्या शब्दातून घडवलेला पारिभाषिक शब्द आहे. त्यात ना जाळं आहे ना दोरी, पण निदान दाराचा पडदाही नाही.

‘खरा अर्थ कोणता’ हे तू विचारलंस. शब्दाचा उगम विचारला तर फेकजाळं, वर ओढलेलं. व्युत्पत्ती विचारली तर लॅटिन ‘रेटे’, जाळं. अवयवाची व्याख्या विचारली तर प्रकाश पकडून त्याचे मज्जासंदेश करणारा मेंदूचा पसरलेला थर. हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि परीक्षेत बहुधा शेवटचाच येतो. व्युत्पत्तीचा आलाच तर ‘रेटे’ लिही आणि पुढे एका ओळीत हेरोफिलस लिही. परीक्षकाने रक्तवाहिन्यांचं जाळं असंच उत्तर धरलं असेल तर तेही लिहून मोकळी हो, मार्क घालवू नकोस.

आणि खरंच बघायचं असेल तर देवगडच्या बाजारातल्या खाटकाकडून बकऱ्याचे दोन डोळे घे, त्याच दिवशीचे. शक्यतो मागे नर्व्हचा तुकडा राहील असे काढायला सांग. पांढऱ्या भांड्यात पाणी घे. धारदार ब्लेडने डोळ्याच्या मधल्या घेरावर, बुबुळाच्या काठापासून थोडं मागे, गोल कापत जा. हात सांभाळ, डोळा निसरडा असतो. पुढचा अर्धा उचलला की भिंग आणि काचरस त्याच्याबरोबर येतील, नाही आले तर हलकेच ओतून दे. मागच्या अर्ध्या वाटीत पांढुरकी, दुधावरच्या सायीसारखी जी वस्तू दिसेल ती रेटिना. जिवंतपणी ती काचेसारखी पारदर्शक असते, मेल्यावर पांढरी पडते. बहुतेक वेळा ती भिंतीपासून सुटून मधे गोळा झालेली सापडते. मागची भिंत निळी-हिरवी चकचकीत दिसेल, तो टॅपेटम. रात्री गाडीच्या उजेडात गुरांचे डोळे चमकतात ते त्याच्यामुळे. तो माणसाच्या डोळ्यात नसतो, त्यामुळे गोंधळू नकोस.

आता ती वाटी पाण्यात बुडव. रेटिना फुलून पसरेल. मग चिमट्याने तिला न धरता वाटीच पाण्याबाहेर उचल आणि उलटी कर. सगळी सुटून खाली लोंबेल, फक्त एका ठिकाणी, नर्व्हच्या तोंडाशी, धरलेली. खिडकी उघडी ठेव, वास येतो, आणि आईच्या स्वयंपाकघरातलं भांडं घेऊ नकोस.